मौजेची बारी

भोपाळहून आमचं सामान रायपूरला आलं तेव्हा राज्य नवंकोरं होतं आणि घरभाडी त्याहूनही नवी. एका राज्याची दोन झाली, माझ्या नवऱ्याच्या खात्यातली माणसं वाटली गेली, आणि ह्यांचं नाव छत्तीसगडच्या यादीत निघालं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. राजधानी म्हटल्यावर शहरातल्या प्रत्येक घरमालकाला आपल्या घरात एखादा साहेब राहायला येणार असं वाटू लागलं होतं. धान्याची पोती ठेवायची खोलीसुद्धा "अफसर लोगों के लायक है" म्हणून दाखवली जायची. हे साहेब नव्हते, कारकून होते. मंत्रालय जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरायचं, आणि ज्या खोलीत ह्यांचं टेबल होतं तिच्या दारावर बरेच दिवस ‘एक्स-रे’ असंच लिहिलेलं होतं.

ब्राह्मणपारा नावाच्या जुन्या वस्तीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. घरमालक नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथे असलेल्या घराण्यातले, मराठीच, पण होकार द्यायचा झाला की ‘हव’ म्हणणारे. भाडं दिलं की अर्धा पगार संपायचा. उरलेल्यातून किराणा, दूध, गावी पाठवायचे पैसे. म्हणून पहिले काही महिने आम्ही दोघांनी फार कडक काढले. हे सायकलने ऑफिसला जायचे. वर्तमानपत्र खालच्या घरातून दुसऱ्या दिवशी वाचायला यायचं. पडदे मी पंडरीच्या ठोक बाजारातल्या कटपीसचे शिवले होते, दोन खिडक्यांचे दोन रंग. पैसा वाचत होता. पण संध्याकाळी आम्ही एकमेकांसमोर बसलो की बोलायला काही नसायचं. बोललोच तर गॅस किती दिवस पुरेल एवढंच.

एकदा मंडईतून परत येताना गुपचुपचा ठेला दिसला. पाणीपुरीला इकडे गुपचुप म्हणतात. मी थांबले. हे पुढे चालत राहिले आणि मागे वळून म्हणाले, "घरी करू न आपण." घरी आल्यावर मी भाजीची पिशवी अशी आपटली की टमाटे जिन्यावरून खाली गेले. मग भांडण झालं. खूप मोठं. त्यात माझं माहेर निघालं, वर्ध्याचं, आणि ह्यांचं भोपाळही निघालं. शेवटी हे टमाटे गोळा करायला जिन्यावर बसले आणि तिथूनच म्हणाले, "आपण इथे नोकरीसाठी आलो, उपास करायला नाही."

त्या जिन्यावर आमचा नियम ठरला. भाडं दिलं की लगेच, किराण्याच्याही आधी, थोडे पैसे वेगळे काढायचे. ते मौजेचे. इलायचीचा रिकामा डबा होता, त्यात ते ठेवायचे. ते गरजेला वापरायचे नाहीत, पुढच्या महिन्यासाठी साठवायचे नाहीत, आणि एका महिन्याला एकाची बारी. ज्याची बारी तो ठरवेल, दुसऱ्याने नाक मुरडायचं नाही. बाकी सगळीकडे हात आखडता घ्यायचा, पण या डब्याच्या बाबतीत नाही.

पैसे ते किती! पण त्यात काय काय झालं म्हणून सांगू. पहिली बारी माझी होती आणि मी गुपचुप खाल्ले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ह्यांच्या बारीला आम्ही सिनेमा पाहिला, बाल्कनीतून. ह्यांना आयुष्यात एकदा बाल्कनीत बसायचं होतं. एका महिन्यात ह्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून जगाचा नकाशा आणला आणि भिंतीवर लावला. मी मनातून चरफडले, पण नियम म्हणजे नियम. पुढे त्याच नकाशासमोर बसून आम्ही रात्रीची जेवणं केली, आज कुठे जायचं ते बोटाने ठरवत. महिनाभर पुढच्या बारीच्या गोष्टी चालायच्या. खर्च व्हायचा एका संध्याकाळी, पण बाकीचे दिवसही त्याच्यावर निघायचे.

पुढच्या हिवाळ्यात सासूबाई आल्या. सासरे रेल्वेत होते. आमला, इटारसी, नागपूर असं करत त्यांची नोकरी झाली, आणि ते गेल्यावर आई नागपूरला माझ्या मोठ्या दिरांकडे राहायच्या. नव्या राजधानीत धाकटा मुलगा कसा राहतो ते पाहायला त्या आल्या होत्या. उंच, सडसडीत बाई. काटकसर त्यांच्या बोटांत होती. दुधाचं पातेलं त्या अशा निरपायच्या की ते धुवायची गरजच पडू नये. मी त्यांना जरा भिऊनच असायची.

त्या आल्या त्या महिन्याच्या अखेरीला ह्यांची बारी होती. आम्ही दोघं तयार होऊन निघालो. आई पोळ्यांच्या डब्याशी बसल्या होत्या.

"कुठे चालले?"

"सिनेमाले, आई. तूही चाल न," हे म्हणाले.

"घरात तेल संपून राहिलं, तीन दिवसांपासून आलूचीच भाजी चालू आहे, अन् तुम्ही सिनेमाले चालले?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे नाही. "काहून वो पोरी, माझ्या पोराले वळण नाही लावत का तू?"

माझा चेहरा उतरला. मी साडी बदलायला आत वळले. पण ह्यांनी माझा हात धरला आणि तिथेच उभं राहून आईंना सगळा नियम समजावून सांगितला, डब्यासकट. आईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नोकरी लागली तरी पोरखेळ गेला नाही तुझा."

"आई, पुढची बारी तुझी," हे म्हणाले.

"मले काय करायची बारी? मले काही नको."

"तसं चालत नाही. या घरात जो राहतो त्याची बारी येते."

पुढचा महिना सुरू झाला, डब्यात पैसे पडले, आणि आईंची पंचाईत झाली. आधी त्या म्हणाल्या, "बाबूले रजई घेऊ." बाबू म्हणजे हे. हे म्हणाले, "ती गरज झाली. मौजेतलं सांग." मग त्यांनी कुकर सुचवला. मग तेलाचा पिपा. मग माझ्यासाठी साडी. प्रत्येक वेळी हे मान हलवायचे. एक दिवस आई चिडल्याच. हातातली मेथीची जुडी ताटात टाकून म्हणाल्या, "मौजेतलं मले येत नाही सुचवता! कोनं शिकवलं मले? अन् तुम्ही दोघं मास्तर होऊन बसले."

हे हसले नाहीत. मीही नाही. त्यानंतर आम्ही विचारणं सोडून दिलं.

महिना अर्धा उलटून गेला असेल. तेलीबांध्याकडे ह्यांच्या एका सोबत्याच्या घरी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं होतं. रिक्षा रेल्वेच्या फाटकाशी थांबली. छोट्या लाईनची गाडी जायची होती. धमतरीकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी शहराच्या अंगाअंगाने जायची, घरांच्या परसातून गेल्यासारखी. ती आली, डबे डुलत, दारात माणसं बसलेली, खिडकीतून टोपल्या बाहेर आलेल्या. सगळा जन्म रेल्वेच्या क्वार्टरमध्ये काढलेल्या आई रिक्षातून पुढे वाकल्या.

"वो माय, एवढीशी?"

गाडी गेली, फाटक उघडलं, रिक्षा चालू लागली, तरी त्या मागे वळून पाहत होत्या.

दोन-चार दिवसांनी दुपारी त्या माझ्यापाशी स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मले त्या गाडीत बसायचं आहे."

"कुठे जायचं, आई?"

"कुठे नाही. कोणाच्या घरी जायचं नाही, हे पहिले सांगून ठेवते. पासावर मी लय फिरली. पण लग्न असलं तर गेली, बाळंतपण असलं तर गेली, कोणी मेलं तर गेली. हातात नेहमी काहीतरी बांधलेलं. यावेळेस खाली हातानं जायचं अन् यायचं. चालते का तुमच्या नियमात?"

"चालते," मी म्हटलं.

ह्यांना सुट्टी मिळाली नाही. भोपाळहून फायलींच्या पेट्या अजून येतच होत्या आणि कुठली फाइल कुठल्या पेटीत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही दोघीच निघालो. आईंनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली. मी डबा भरायला घेतला तर मला थांबवलं. "आज डबा नाही. डबा नेला की घरच सोबत येते." तिकिटाच्या खिडकीशी त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि वाटेतल्या अभनपूरची दोन तिकिटं घेतली, जाऊन-येऊन.

गाडीच्या डब्यात शहरात भाजी विकून परत जाणाऱ्या बायका होत्या, रिकाम्या टोपल्या एकात एक घातलेल्या. आईंना खिडकी मिळाली. गाडी निघाली ती इतकी सावकाश की बाहेर सायकलवर जाणारा एक माणूस बराच वेळ आमच्या बरोबरीने होता आणि आईंशी त्याची नजरानजर झाली तेव्हा दोघेही हसले. माना नावाचं स्टेशन सोडलं आणि शेतं आली. धान कापून झालं होतं. खुंटांमधून तिवऱ्याची, म्हणजे आपल्या लाखोळीची, हिरवी वेल पसरली होती. आईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. त्यांच्या तोंडावर एवढं कुतूहल मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

समोरच्या टोपलीवालीने विचारलं, "कहां जाथव दाई?"

"अभनपूर," आई म्हणाल्या.

"काकर घर?"

प्रश्न आईंना कळला. कोणाच्या घरी? त्या माझ्याकडे पाहून हसल्या आणि मग आपल्या हिंदीत म्हणाल्या, "किसी के घर नहीं, बाई. ऐसेच. घूमने."

ती बाई क्षणभर पाहतच राहिली. मग ती शेजारणीला सांगू लागली, शेजारीण तिच्या शेजारणीला, आणि सगळा बाक हसायला लागला. हसण्यात टिंगल नव्हती. टोपलीवालीने कमरेच्या पोतडीतून तिवऱ्याच्या कोवळ्या शेंगांची मूठ काढली आणि आईंच्या ओंजळीत घातली. पुढचा सगळा रस्ता आई शेंगा सोलत आणि खात बसल्या. मला दोनच दिल्या.

अभनपूरला त्या दिवशी बाजार होता. बैलांच्या घुंगरमाळा, टिकल्या, गूळ, कोंबड्या, मातीची मडकी. आम्ही कढईपाशी उभं राहून गरम भजी खाल्ली, टमाट्याच्या झणझणीत चटणीसोबत. आईंनी परत मागितली. मग बांगड्यांचं दुकान लागलं. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. नवरा गेल्यावर त्यांनी काचेची बांगडी घातली नव्हती.

"घाला न, आई," मी म्हटलं.

"नाही वो. मी तर तुझ्यासाठी पाहून राहिली." पण त्या तिथून हलल्या नाहीत. रंग पाहत, खणखण ऐकत उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी मला मेंदी रंगाच्या बांगड्या भरल्या आणि स्वतःसाठी एक साधं पितळी कडं घेतलं. कासारणीने ते हातात चढवलं तेव्हा त्यांनी मनगट दोन-तीनदा फिरवून पाहिलं.

या सगळ्यात आमची परतीची गाडी गेली. स्टेशनात पोचलो तर रूळ मोकळे. मी घाबरले. जीपने जायला पैसे पुरते नव्हते आणि पुढची गाडी संध्याकाळची. हे काळजी करतील, स्वयंपाक राहील, काय काय मनात येऊन गेलं.

"बस," आई म्हणाल्या आणि स्वतः कडुनिंबाखालच्या बाकावर मांडी घालून बसल्या. "कोण वाट पाहून राहिलं आपली? बाबू मोठा झाला, भात लावता येते त्याले."

आम्ही तिथे खूप वेळ बसलो. मला वाटलं, आता त्या आपल्या दुःखाचं काही सांगतील. मी तसं विचारलंही, जरा चाचरतच. आयुष्यभर मन मारत राहिलात का, असं.

त्या चकित झाल्या. "मन मारलं? नाही वो बाई. तसं नको समजू. मले पैसे वाचवायचा शौकच होता. महिन्याच्या शेवटी डब्यात चार पैसे राहिले की मले अशी झोप लागे! तुझे मामाजी, बाबूचे बाबा, म्हणत, तू रेल्वेत पाह्यजे होती, डबल गाड्या चालवल्या असत्या तेवढ्याच कोळशात." मग म्हणाल्या, "पण तुले काय आवडते, असं मात्र कोनं विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं कोणाले. सुचलंच नाही आमच्या घरात ते."

संध्याकाळच्या गाडीने परतलो तर हे सायकल धरून रायपूर स्टेशनच्या बाहेर उभे, तोंड एवढंसं. ते काही बोलणार, तोच आई म्हणाल्या, "रागवायचं असन तर उद्या रागव. आज माझी बारी आहे." आणि मग चालता चालता, "पुढची कोणाची?"

त्या महिना-दीड महिन्यासाठी आल्या होत्या, त्या पाऊस संपेपर्यंत राहिल्या. आणि आमच्या घराचं सगळं गणितच बदललं. आम्ही कडक होतो, पण आम्हाला काटकसर येत नव्हती, हे तेव्हा कळलं. आई भाजीला बाजार उठायच्या वेळेला जायच्या. खालच्या काकूंकडून त्यांनी रखियाच्या बड्या, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, घालायला शिकून घेतलं, गच्चीवर चादरी पसरून, आणि पावसाळाभर भाजीचा प्रश्न मिटला. रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी कांद्याबरोबर खायचा, ही बासी त्यांना इतकी आवडली की नागपूरच्या फोनवर त्या तिचं वर्णन करायच्या. जे वाचायचं त्यातलं थोडं त्या गुपचूप इलायचीच्या डब्यात टाकायच्या. "मौज जरा जाड होऊ दे," म्हणायच्या.

पण पावसाच्या आधी त्या वर्षीचा उन्हाळा आला. ह्यांची सर्व्हिसची कागदपत्रं दोन राज्यांच्या मधे कुठेतरी अडकली आणि पगार थांबला. एक महिना गेला, दुसरा लागला. घरमालक भले, भाड्याचं काही बोलले नाहीत. पण पिठाचा डबा वाजायला लागला. एका सकाळी मी इलायचीचा डबा काढला. त्यात आईंनी वाचवून टाकलेले पैसे होते, त्या महिन्याची बारी अजून झाली नव्हती. कणीक तरी आणू, म्हटलं.

आईंनी माझ्या हातातून डबा घेतला.

"याले हात नाही लावायचा."

"आई, घरात पीठ नाही."

"तांदूळ आहे. बड्या आहेत. चिंच आहे. एवढ्यात मी दहा दिवस काढून दाखवते. पण हा डबा रिकामा केला न, की बाबू रोज संध्याकाळी घरी येईन अन् भिंतीकडे पाहीन. तुले चालन का?"

मी तांदूळ निवडायला घेतले. त्यांनी खरंच ते दिवस काढून दाखवले. आणि रविवारी, माझी बारी होती म्हणून, मी दोघांना घेऊन गुपचुपच्या ठेल्यावर गेले. खिशात बाकी काही नसलेली आम्ही तीन माणसं. आईंनी कधी खाल्लं नव्हतं ते. पहिला तोंडात घालताना फुटला, पाणी कोपरापर्यंत ओघळलं, पितळी कड्यावरून. ठेलेवाला म्हणाला, "अम्मा, पूरा एक बार में!" दुसरा त्यांनी डोळे मिटून पूर्ण घातला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी द्रोण परत पुढे केला. ह्यांच्याकडे मी पाहिलं. कित्येक दिवसांनी ते हसत होते, आवाज करून.

पगार नंतर आला, थकबाकीसकट. आई नागपूरला परत गेल्या. मग आम्हाला मुलगी झाली, ह्यांना बढती मिळाली, शंकरनगरच्या पलीकडे आम्ही घर बांधलं. बारी कधी बंद पडली ते मला नीट सांगता येत नाही. कोणी बंद केली नाही. हळूहळू असं झालं की मनात आलं की बाहेर जेवायला जाता यायला लागलं, आणि मग कोणाची बारी हे विचारायचं कारणच उरलं नाही. मुलीला मी या गोष्टी सांगते. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. "इतने से पैसों में खुश कैसे रहते थे आप लोग?" ती विचारते. मी सांगायला जाते आणि अर्ध्यावर थांबते, कारण फक्त सुखाचेच दिवस होते असंही नाही. त्या उन्हाळ्यात मी तांदूळ मुठींनी मोजून काढायची ते मला आठवतं. पण आता कधी हॉटेलात तिघं बसतो, जो तो आपल्या मोबाइलमध्ये, समोर मागवलेलं सगळं अर्धं उरलेलं, तेव्हा त्या दोन खोल्यांची आठवण येते.

आई शेवटच्या आल्या तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते. नवी राजधानी तोवर शहराबाहेर वसायला लागली होती, माळरानावर. एका संध्याकाळी आम्ही त्यांना गाडीतून तिकडे नेलं. सहा-सहा पदरी रस्ते, दिव्यांच्या रांगा, आणि दूरवर एकही माणूस नाही. आईंनी गाडी थांबवायला सांगितली. ह्यांनी आणि मी धरून त्यांना रस्त्याकडेच्या कठड्यावर बसवलं. वारा चांगला सुटला होता.

"रस्ता तर लयच मोठा केला," त्या म्हणाल्या. "माणसं केव्हा येतीन?"

"येतील, आई. हळूहळू."

त्यांनी पदर सावरून घेतला.

"मग गर्दी व्हायच्या पहिले आलो आपण, बरं झालं," त्या म्हणाल्या. आणि अंधार पडेपर्यंत तिथून उठल्या नाहीत.